खुर्चीचा डावा हात

“एका खुर्चीला चार दिवस लागतात व्हय गं?”

आईसाहेब स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मी जमिनीवर मांडी घालून, मांडीवर बोर्ड ठेवून समोरच्या रिकाम्या खुर्चीचा पुढचा पाय काढत होते. तो मी तिसऱ्यांदा खोडला होता.

“अजून दोन लागतील,” मी म्हटलं.

“आणि दोन!” त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. “ह्यांना तर दीड दिवसात उरकलीस. माणसापरास लाकूड अवघड हाय व्हय?”

त्या आत गेल्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा दारात आल्या. काम काही नव्हतं. नुसत्या माझ्याकडे, मग खुर्चीकडे, मग खिडकीकडे बघायच्या आणि परत जायच्या. मला वाटलं, म्हातारीला माझा कंटाळा आला असावा. दुपारची झोप मोडत असेन मी त्यांची.

ही बहात्तर सालची गोष्ट. मी निपाणीची, तंबाखूच्या वखारीतल्या कारकुनाची मुलगी. चित्रकलेचं खूळ डोक्यात शिरलं म्हणून कोल्हापुरात आत्याकडे राहून हुपरीकर सरांच्या स्टुडिओत शिकत होते. वडिलांनी दिवाळीपर्यंत मुदत दिली होती. तोवर सरांनी हाताशी घेतलं तर ठीक, नाहीतर निपाणीला परत. परत जायचं म्हणजे काय, ते मला चांगलं ठाऊक होतं. चिकोडीचं एक स्थळ आमच्या ओटीवर दोनदा चहा पिऊन गेलं होतं.

त्या पावसाळ्यात सर स्टुडिओच्या पायरीवरून घसरले आणि पाय मोडून बसले. नेमकं तेव्हाच सरनोबतांचं काम आलं. आबासाहेब सरनोबत संस्थानच्या काळातले मामलेदार. त्यांचं सहस्रचंद्रदर्शन दिवाळीनंतर होतं, आणि पुण्याच्या मुलाला त्यासाठी आईवडिलांचं मोठं तैलचित्र हवं होतं. सरांना त्यांच्या रंकाळ्याजवळच्या घरापर्यंत जाणं शक्य नव्हतं. म्हणून स्टडी, म्हणजे मोठ्या चित्राआधीची पेन्सिलीची रेखाटनं, करून आणायला मला पाठवलं.

“खोतबाई, नीट ऐक,” सर प्लास्टरचा पाय उशीवर ठेवून म्हणाले. माझं नाव रत्ना खोत, म्हणून मी खोतबाई. “माणूस वेगळा काढायचा, खुर्ची वेगळी काढायची. माणूस खुर्चीत बसला की खुर्ची झाकते, आणि खुर्चीत बसला की माणूसही खोटं बसतो. त्याला साध्या स्टुलावर बसव. खुर्ची रिकामी काढ. दोघांची गाठ कॅनव्हासवर मी घालीन.”

“बरं, सर.”

“आणि दिसतं ते काढायचं. माहीत असलेलं काढायचं नाही, बरं दिसेल म्हणून तर मुळीच नाही. ह्या स्टड्या जमल्या तर मोठ्या कॅनव्हासला तुझा ब्रश लागेल. नाही जमल्या तर निपाणीची एसटी कुठून सुटते ते तुला माहीत हाय.”

अशी मी सरनोबतांकडे जाऊ लागले. पहिल्या दिवशी आबासाहेबांनी घरात सांगितलं, “ही मुलगी स्टडी करायला आली आहे.” आईसाहेबांनी रेडिओ बंद केला, मला खिडकीजवळ उजेडात बसवलं, दुधाचा पेला आणून दिला आणि विचारलं, “परीक्षा कधी हाय?” तो घोळ निस्तरायला आबासाहेबांना चांगली दहा मिनिटं लागली. तरी दूध मला त्यापुढे रोज मिळत राहिलं.

आबासाहेब सहा फुटी, ताठ, पांढऱ्या मिशांचे. स्टुलावर असे बसले, जणू समोर फिर्यादी उभा आहे. हलले नाहीत, बोलले नाहीत. त्यांना काढणं सोपं गेलं. आईसाहेबांचं मात्र जमेना. त्या बुटक्या, त्यांचे पाय स्टुलावरून जमिनीला टेकत नव्हते. त्यात आबासाहेब खोलीतून नुसते गेले तरी त्या ताडकन उठून उभ्या राहत. नवऱ्यापुढे उंचावर बसायचं नाही, ही त्या घराण्याची रीत. सासूबाई जाऊन पंचवीस वर्षं झाली होती, रीत गेली नव्हती.

“मला खाली जाजमावर बसवून काढ की गं,” त्या म्हणायच्या. “सवय न्हाई मला उंचावर बसायची.”

शेवटी आबासाहेब बाहेर असताना त्यांना काढलं. आबासाहेब रोज दुपारी साडेतीनला छत्री घेऊन वाचनालयात जात आणि साडेपाचला परत येत. येताना फाटकाच्या अलीकडेच खोकत. साधासुधा खोकला नव्हे, सबंध तालुका हजर करणारा. पहिल्या दिवशी तर मी दचकले आणि पेन्सिलीची रेघ आईसाहेबांच्या कानातून आरपार गेली. मग फाटकाची कडी वाजायची, मग अंगणात काठीचा आवाज, मग पायऱ्यांवर पुन्हा एकदा खोकला, आणि मग ते दारात दिसायचे.

“साहेबांना दमा आहे का?” मी विचारलं होतं.

“न्हाई ब्वा,” आईसाहेब पदर सारखा करत म्हणाल्या. “कुठला दमा.”

खुर्ची मी दुपारीच काढायला घेतली, कारण पश्चिमेच्या खिडकीतून उजेड तेव्हाच चांगला येई. जुनी शिसवी खुर्ची, वेताची बैठक, उंच पाठ, दोन्ही हात रुंद. त्या खुर्चीत आबासाहेबांशिवाय कोणी बसत नसे. आलेले पाहुणे बाकावर, मुलं आली तर कॉटवर. ती उंच पाठ मला दोन दिवस सरळ येईना. जमल्यावर मी बारकाव्यांना लागले. वेत एका बाजूला थोडा दबलेला होता, पुढच्या दोन पायांमधल्या आडव्या दांडीचं पॉलिश दोन जागी पार उडालेलं होतं, आणि खिडकीकडच्या, डाव्या हातावर टोकाशी बारीक बारीक आडवे चरे होते. शंभर तरी असतील. काही जुने, काळे पडलेले. काही ताजे. मला सांगितलं होतं दिसतं ते काढायचं, म्हणून मी टोकदार पेन्सिलीने एकेक चरा काढला.

मंगळवारी सरांनी ती स्टडी पाहिली. चष्मा कपाळावर चढवून कागद डोळ्यांजवळ नेला.

“खोतबाई, ही दांडी तू मनानं झिजवलीस का?”

“नाही सर. तशीच आहे.”

“मामलेदार केवढा उंच हाय?”

“सहा फूट.”

“मग त्याचे पाय जमिनीवर असणार. दांडीवर कोण पाय ठेवतं? ज्याचे पाय खाली पोचत न्हाईत ते.” त्यांनी डाव्या हातावर बोट ठेवलं. “आणि हे कसले?”

“माहीत नाही.”

“मलाबी माहीत न्हाई. पण ह्या खुर्चीत दोन माणसं बसतात, पोरी. एक दांडगा, एक बारका.” सर हसले. मला तीन वर्षांत त्यांनी असं हसून दाखवलं नव्हतं. “हे चरे जपायचे. हा खुर्चीचा चेहरा हाय. ही स्टडी अशीच पुरी करून आण, कॅनव्हासवर खुर्ची तू रंगवशील.”

मी त्या संध्याकाळी आत्याकडे चालत नाही गेले, तरंगत गेले. वडिलांना पत्रही लिहून टाकलं.

बुधवारी दुपारी कागद पसरून बसले, तोच आईसाहेब आल्या. आज दारात थांबल्या नाहीत. माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या आणि वाकून चित्र पाहू लागल्या. त्यांच्या तोंडून “अगं बाई” एवढंच निघालं.

“काय झालं?”

“हे काढलंस?” त्यांनी डाव्या हाताकडे बोट केलं. बोट करताना हातातली पाटली आणि हिरव्या बांगड्या खाली मनगटावर आल्या आणि खुळखुळल्या. मी त्या बांगड्यांकडे पाहिलं, मग चऱ्यांकडे पाहिलं. एवढा वेळ माझ्या डोक्यात उजेड कसा पडला नाही, याची मलाच लाज वाटली.

“तुम्ही बसता?” मी हळूच विचारलं.

“बसतो,” त्या म्हणाल्या. आमच्या भागात बायकाही येतो, जातो, बसतो असंच म्हणतात. “ते वाचनालयात गेले की. तासभर.”

“बसून काय करता?”

“काय करायचंय? बसतो.” मग खिडकीकडे बघत म्हणाल्या, “खाली बसलं की खिडकीतनं नुसतं आभाळ दिसतंय. वर बसलं की बोळातलं सायकलचं दुकान दिसतंय. तो पंक्चर काढतो ते बघतो मी. ट्यूब पाण्यात दाबली की बुडबुडे येत्यात. बारकं भोक असलं की एकच बुडबुडा, दम खाऊन खाऊन येतोय. त्यो शोधत बसतोय.” त्या हसल्या, आणि लगेच त्यांचा चेहरा उतरला. “आठ दिस झाले बघ, तू बसलीयास हितं. एक पंक्चर बघितलं न्हाई मी.”

मला एकदम ओशाळल्यासारखं झालं.

“खोड ते,” त्या म्हणाल्या. “ह्यांच्या नजरंला पडायच्या आत खोड.”

“साहेब रागावतील?”

“रागवायचं काय त्यात? पन्नास वर्सांत मोठ्यानं बोललं न्हाईत. पण त्यांना कळलं की माझं बसायचंच ऱ्हाईल. तुला न्हाई समजायचं. खोड.”

मी हो म्हटलं. पण हातात खोडरबर घेतला आणि सरांचं हसू आठवलं. चरे खोडले की खुर्ची हातची गेली, आणि खुर्ची गेली की निपाणी. उद्या बघू, म्हणून मी कागद गुंडाळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले ते आबासाहेबांचे हात काढायचे राहिले होते म्हणून. आईसाहेब अंबाबाईला गेल्या होत्या. आबासाहेब स्टुलावर बसले, दोन्ही तळवे गुडघ्यावर ठेवले आणि माझी पेन्सिल चालू झाल्यावर म्हणाले, “ते खुर्चीचं चित्र दाखवता का जरा?”

नाही कसं म्हणणार? मी कागद उलगडला. त्यांनी तो हातात घेतला नाही, नुसता लांबून पाहिला.

“खुर्ची हुबेहूब आली आहे,” ते म्हणाले. “हे चरे तेवढे खोडा.”

“साहेब, ते खुर्चीवर आहेत.”

“असतील. चित्रात नकोत.”

“सर म्हणतात दिसतं ते काढायचं.”

“तुमच्या सरांनी विचारलं, हे कसले म्हणून?”

“विचारलं. मी माहीत नाही म्हटलं.”

“उत्तम,” ते म्हणाले. “चित्र भिंतीवर लागेल. घरातलं माणूस रोज त्याच्याकडे बघेल. म्हणून म्हणतो. आणि हे मी सांगितलं असं कोणाला सांगू नका. आत तर मुळीच नाही.”

“बरं.”

“आणखी एक. खुर्चीचं काम दुपारी करू नका. सकाळी या.”

“पण साहेब, सकाळी उजेड दुसरीकडून येतो. सगळ्या सावल्या फिरतील.”

“फिरू देत.”

“आणि दुपारी तर तुम्ही घरी नसता. खुर्ची मोकळीच असते.”

“तेच तर,” ते बोलून गेले, आणि एकदम मामलेदारी आवाजात म्हणाले, “जुन्या लाकडाला दुपारी विश्रांती लागते.”

मी आयुष्यात पुष्कळ शिसवी सामान पाहिलं आहे, पण दुपारी वामकुक्षी करणारं लाकूड त्यानंतर पाहिलं नाही. तेव्हा मात्र मला हसूही आलं नाही. बाई म्हणते खोड, पण ह्यांना कळू देऊ नको. बुवा म्हणतात खोडा, पण आत सांगू नका. सर म्हणतात जीव गेला तरी खोडू नकोस. मला वाटलं, आबासाहेबांना सगळा सुगावा लागला आहे आणि घराण्याची अब्रू म्हणून ते झाकू बघतायत. पण मग दुपारी खुर्ची मोकळी का ठेवायची? मग वाटलं, ते चोर पकडायच्या बेतात आहेत. मग त्यांच्या डोळ्यांकडे पाहून तेही खरं वाटेना. माझं डोकं पार भंजाळलं. मला ताप आलाय असं आत्याला सांगून दोन दिवस मी घरातून निघालेच नाही.

तिसऱ्या दिवशी एक युक्ती सुचली. खोडायचंही नाही आणि दाखवायचंही नाही. खुर्चीच्या हातावर एखादं वस्त्र टाकायचं. चित्रांमध्ये असतं तसं.

मी सकाळीच गेले. “आईसाहेब, एखादं धुतलेलं वस्त्र मिळेल का? खुर्चीवर टाकायला. जरा शोभा येईल.”

आईसाहेबांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग आतून आबासाहेबांचं जरीकाठी उपरणं आणलं. कुठे टाकायचं हे मी सांगायच्या आधीच त्यांनी ते डाव्या हातावर टाकलं, घडी मोडून चऱ्यांवर नीट पसरलं, आणि वरून हात फिरवून म्हणाल्या, “आता झ्याक दिसतंय.” आणि दूध आणायला आत गेल्या.

तेवढ्यात आबासाहेब देवघरातून बाहेर आले. खुर्चीसमोर थांबले. टोकाशी दोन चरे अजून उघडे राहिले होते. त्यांनी स्वयंपाकघराकडे एक नजर टाकली, उपरण्याचा काठ दोन बोटांनी धरून पुढे ओढला, ते दोन चरे झाकले आणि माझ्याकडे न बघता बाहेर गेले.

ते उपरणं मी जीव ओतून काढलं. जरीची एकेक घडी काढली. आणि त्या दिवसापासून दुपारी त्या घरी गेले नाही.

सरांनी स्टडी पाहिली. ह्या वेळी हसले नाहीत.

“हे फडकं कुठून आलं?”

“उपरणं आहे, सर. शोभेसाठी.”

“शोभा! मी शोभा मागितली होती?” त्यांनी कागद मांडीवर टाकला. “ह्याच्याखाली काय हाय ते मला ठाऊक हाय आणि तुलाबी ठाऊक हाय. कुणी सांगितलं झाकायला?”

मी गप्प राहिले. सर मनाचे मोठे, पण त्यांच्या पोटात काही राहत नसे. गिऱ्हाइकांच्या घरातल्या गमती ते दुसऱ्या गिऱ्हाइकाला चहाबरोबर वाढत. मी तोंड उघडलं असतं तर सहस्रचंद्रदर्शनाच्या मांडवात ती गोष्ट माझ्याआधी पोचली असती.

“मामलेदारानं सांगितलं?”

“नाही.”

“मग तिनं?”

“नाही.”

“मग तुझ्याच मनानं?”

“हो.”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी आणखी काही बोलेन म्हणून वाट बघतायत.

“कॅनव्हासला पोवार बसेल,” ते स्टुडिओतल्या दुसऱ्या विद्यार्थ्याचं नाव घेत म्हणाले. “तुझा हात चांगला हाय, खोतबाई. पण झाकायची सवय लागलेला हात मला नको.”

मी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निपाणीची एसटी धरली. वाटेत खूप रडले, आणि खरं सांगायचं तर त्या दोन म्हाताऱ्यांचा मला भयंकर राग आला. त्यांच्या खुर्चीपायी माझी जागा गेली, आणि कशासाठी गेली तेही मला कळलं नव्हतं. पुढे वडिलांच्या हातापाया पडून ड्रॉइंग टीचरची परीक्षा दिली. तोवर चिकोडीच्या स्थळाने कंटाळून दुसरी मुलगी पाहिली होती. एकतीस वर्षं मी शाळेत पेरू आणि कळशी काढायला शिकवलं. वाईट गेलं नाही, पण कॅनव्हासला ब्रश लागला नाही तो नाहीच.

चार वर्षांनी आत्याचं पत्र आलं की आबासाहेब सरनोबत गेले. मी महिनाभराने भेटायला गेले. मुलगा पुण्याला परतला होता. कामाला येणारी बाई दुपारची घरी गेली होती. आईसाहेब एकट्याच होत्या, खाली जाजमावर, भिंतीला टेकून. कपाळ मोकळं, हात मोकळे. त्या रिकाम्या मनगटांकडे माझ्याने बघवेना.

भिंतीवर ते चित्र होतं. आबासाहेब खुर्चीत, आईसाहेब शेजारी बुटक्या चौरंगावर. पोवारने काम चांगलं केलं होतं. आणि चित्राखाली ती खुर्ची होती. मुलाने चित्रातल्यासारखं तेच उपरणं डाव्या हातावर घालून ठेवलं होतं.

“सगळी त्या उपरण्याचं लई कौतुक करत्यात,” आईसाहेब म्हणाल्या. “जर कशी खरी वाटती म्हणं.”

मी चहा नको म्हटलं, तरी त्या उठायला लागल्या. मी हात धरून बसवलं. बराच वेळ इकडचं तिकडचं झालं. घड्याळात चार वाजून गेले होते. ऊन खिडकीतून खुर्चीवर आलं होतं.

“आता बसा की वर,” मी म्हटलं. “आता कोणाची भीती?”

“बसलो की परवा.” त्या खुर्चीकडे बघत राहिल्या. “ल्योक पुण्याला गेला त्याच दिवशी बसलो. सायकलवाल्यानं तीन पंक्चरी काढल्या. ऊन भिंतीवर गेलं, मग तेबी गेलं. दिवा लावायची वेळ झाली. तरी मला उठायचं सुधरंना.”

“पाय धरले का?”

“पाय कशानं धरतील?” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि शाळेतल्या पोरीला सांगावं तसं सांगितलं, “खोकला कुठं आला?”

“साहेबांचा खोकला?” मी विचारलं.

“त्यांना खोकला कधीच नव्हता गं. तू पंधरा दिवस होतीस की घरात. घरात कधी खोकलेलं ऐकलंस? फाटकाच्या बाहेर एक, पायरीवर एक. पंचवीस वर्सं. एकदा पडशानं घसा बसला, तर छत्री आपटत आलं. मी उठायचो, पदर घ्यायचो, खाली बसायचो. मग ते आत यायचं.”

“म्हणजे तुम्हाला माहीत होतं? त्यांना माहीत आहे हे?”

“माहीत असल्याबिगर कोण खोकंल?”

“मग त्यांनी सरळ बस म्हणायचं. तुम्ही बसायचं.”

“त्यांनी बस म्हटल्यावर मी कशी बसीन?” आईसाहेब खरोखरच चकित होऊन म्हणाल्या. “मग ते त्यांनी बसवलेलं झालं. हे माझं होतं.”

मला चार वर्षांचा राग आठवला, आणि त्याचं काय करावं ते समजेना. मी उठले. त्यांच्या दोन्ही दंडांना धरून त्यांना उठवलं आणि खुर्चीपाशी नेलं.

“बसा,” मी म्हटलं. “मी जरा फाटकापर्यंत जाऊन येते.”

“कशाला?”

“माझ्या चपला तिकडे राहिल्यात.”

माझ्या चपला समोर उंबऱ्याशी होत्या. आईसाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं. बसल्या. पाय उचलून दांडीवर ठेवले, बरोबर त्या दोन जागी.

मी फाटकाबाहेर पडले, वळसा घालून मागच्या बोळात गेले आणि सायकलच्या दुकानासमोर उभी राहिले. दुकानदाराने घमेल्यात ट्यूब दाबली होती. भोक बारीक असावं. एक बुडबुडा यायचा, मग काहीच नाही, मग पुन्हा एक. त्याने जागा शोधली, कानसीने घासली, ठिगळ लावलं, हवा भरली. पोराने सायकल नेली. मग दुसरी आली. तीही होऊ दिली.

साडेपाचला मी फाटकाशी परत आले आणि खोकले. पहिला खोकला इतका बारीक निघाला की माझा मलाच ऐकू आला नाही. मग छाती भरून खोकले, अख्खा तालुका हजर होईल असं. फाटकाची कडी वाजवली. अंगणातून सावकाश चालत आले आणि पायरीवर पुन्हा एकदा खोकले.

आत आईसाहेब जाजमावर बसल्या होत्या, पदर डोक्यावरून घेऊन, पाठ ताठ ठेवून. खुर्चीच्या डाव्या हातावरचं उपरणं घसरून खाली लोंबत होतं.

“कोण? खोतांची रत्ना व्हय?” त्या म्हणाल्या. “ये. बस. चहा टाकतो.”